ओंकार आणि राजाज्ञा

बँकॉक शहराच्या जुन्या भागांत, वाट सुथात या बौद्ध विहारासमोर, तांबड्या रंगाचे दोन उंच सागवानी खांब उभे आहेत. एका प्रचंड झोपाळ्याचा हा सांगाडा होय. त्यावरील समारंभ 1935 सालीं बंद पडला. जवळच पहिल्या रामराजानें 1784 सालीं बांधविलेलें ‘थेवसथान’, म्हणजे देवस्थान, आहे. शिव, गणेश व नारायण यांचीं तेथें निरनिराळीं मंदिरें असून दरबारी ब्राह्मणांचें तें मुख्य स्थान आहे.

बौद्ध देशाच्या दरबारीं ब्राह्मण कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. उत्तर तेथील एका शब्दांतच सांपडतें. राजाज्ञेस थाई भाषेंत ‘फ्र बोरोम राच ओंगकान’ म्हणतात. उच्चार परका वाटला, तरी ‘परम’, ‘राज’ व ‘ओंकार’ हीं संस्कृत पदें त्यांत स्पष्ट आहेत. शब्दान्तींचा ‘र’ तेथें ‘न’ असा उच्चारला जातो, म्हणून ‘कार’चें ‘कान’ झालें.

यांतील ‘परम’ हें पद राज्याभिषेकावांचून मिळत नाहीं. विद्यमान राजे वजिरालोंगकोर्न 2016 सालीं गादीवर आले. परंतु 4 मे 2019 रोजीं ब्राह्मणाकडून नऊ थरांचें श्वेतच्छत्र स्वीकारीपर्यंत त्यांची आज्ञा नुसती ‘राच ओंगकान’ होती.

पण ओंकार हें परब्रह्माचें प्रतीक. तें राजाच्या हुकुमास लावणें ही त्याची विटंबनाच नव्हे काय? सयामी दरबारानें देवरूप राजाची कल्पना ख्मेर राज्यापासून घेतली. देवाची वाणी ती ओंकार, असें तेथें वाटलें तर नवल नाहीं. शिवाय छांदोग्योपनिषदाच्या आरंभींच ओंकारास अनुज्ञेचें, म्हणजे संमतीचें, अक्षर म्हटलें आहे. यज्ञांत ब्रह्मा हा ऋत्विजही ‘ओम्’ म्हणूनच अनुमति देतो. अनुज्ञेपासून आज्ञा फार दूर नाहीं.

1932 सालीं सयामांतील अनियंत्रित राजसत्ता संपली. पुढें लष्करी उठाव अनेक झाले, तरी राज्यघटनेच्या नियमाप्रमाणें कायद्याचा मसुदा संसद संमत करते, राजा त्यास अनुमति देतो, आणि जबाबदार मंत्री प्रतिस्वाक्षरी करतो. हुकूम होऊन बसलेला ओंकार अशा रीतीनें पुनः होकाराकडे वळला आहे. उपनिषदांतील अर्थ शतकांच्या फेऱ्यानंतर परदेशीं परत यावा, यांत ओंकाराची विटंबना नसून त्याचा गौरवच आहे.