लांताव बेटावरील डोंगरवाट

हाँगकाँगच्या लांताव बेटावर, न्गाँग पिंगच्या पठारावर तथागतांची बैठकीसह ३४ मीटर उंचीची ब्राँझची मूर्ती आहे. ती १९९३ साली पूर्ण झाली. २६८ पायऱ्या चढून वंदन करावे, मग डोंगर ओलांडून पायी ताई ओ या जुन्या कोळी गावात उतरावे. दिवसभरात हे सहज होते.

गावात खाडीच्या पाण्यात खांबांवर घरे उभी आहेत. ती टांका समाजाची. पिढ्यान्पिढ्या होडीतच जगणाऱ्या या लोकांना हलके समजत; जमिनीवर घर बांधण्यास मनाई होती. त्यांचे नावसुद्धा हिणवण्यासाठी घेत. १७२९ साली चीनच्या बादशहाने मनाई उठवली, तरी हिणवणे थांबले नाही. २००० सालच्या आगीत अनेक घरे जळाली. माणसांनी ती त्याच पाण्यात पुन्हा उभारली.

बंधू-भगिनींनो, मूर्तीपाशी गेलात तर या वस्तीतही अवश्य जा.