गाविलगडाची वाट आणि छापील वजन

अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालो तेव्हा आमच्या नव्या तंबूच्या पिशवीवर २ किलो छापले होते. परतवाड्यात किराणा दुकानाच्या काट्यावर तो अडीच किलो भरला! कारण साधे आहे. पुष्कळ कंपन्या कापड व दांड्या तेवढ्याच मोजतात; खुंट्या, दोऱ्या व पिशवी सोडून देतात. सामान पाठीवर घेऊनच आम्ही गाविलगड पाहिला, तेव्हा तो अर्धा किलो खांद्याला कळला. ओझे वाढले की माणूस आधी पाणी कमी करतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पण वऱ्हाडच्या उन्हात तीच काटकसर जिवावर बेतते. याच सातपुड्यातला नरनाळा अकोल्याकडून चढणाऱ्या बंधु-भगिनींनीही सामान घरीच तोलावे, लहानांना हलके द्यावे, पाणी मात्र पुरेसे घ्यावे.