उभ्या गाडीचा खडखडाट

पुणे

तीर्थस्वरूप आप्पांस,

पत्र पावले, मजकूर कळला. सोनपेठच्या बाजारात गाडी जागेवर उभी असताना इंजिनातून खडखड ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर जरासा दाबताच ती विरते, असे आप्पांनी कळविले असून, एका मिस्त्रीने इंजिन खोलण्याचा, तर दुसऱ्याने घट्ट ऑइल भरण्याचा सल्ला दिल्याचेही लिहिले आहे. आवाज कोणत्या भागाचा हे ठरण्यापूर्वीच उपायाकडे वळणे, हा या दोन्ही सल्ल्यांतील समान दोष आहे.

ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या किमान गतीने फिरत राहते तिला आयडलिंग, किंवा गॅरेजच्या बोलीत ‘स्लो’, म्हणतात. ही गती मिनिटाला साधारण 700 ते 900 फेऱ्यांची असते. चार-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांमागे एकदाच ज्वलन होते, त्यामुळे आप्पांच्या गाडीसारख्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाला 800 फेऱ्यांवर सेकंदाला 20 धक्के मिळतात, तर चार सिलिंडरांच्या इंजिनाला सुमारे 27. धक्के असे विरळ असले की दोन धक्क्यांच्या दरम्यान क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, गती कमी-जास्त होत राहते आणि त्या संथ कंपनाने सैल पत्रा किंवा ढिली साखळी सहज वाजू लागते. शिवाय ऑइल पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालत असल्याने ऑइलचा दाबही याच वेळी सर्वांत कमी असतो. म्हणूनच स्लोवरच्या आवाजामागे कधी एखादा निसटलेला बोल्ट असतो, तर कधी झिजलेले बेअरिंग, आणि नुसत्या कानाला हा फरक कळेलच असे नाही.

यास्तव तपासणी बाहेरून आत जावी. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून व चाकामागे दगड लावून उभी करावी, आणि फिरत्या पट्ट्याजवळ उपरण्याचे टोक किंवा सैल बाही जाऊ देऊ नये. इंजिन सुरू करण्यापूर्वीच डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी. त्यानंतर गार असलेल्या सायलेन्सरच्या नळीवरील हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडविणारा पातळ पत्रा, हाताने हलवून पाहावा. त्याचे बोल्ट गंजून निसटतात आणि त्याचा किणकिणाट थेट इंजिनातून आल्यासारखा वाटतो. इंजिनाला खालून पेलणारे रबरी माउंटिंग फाटले असेल, तर आवाजाबरोबर स्टिअरिंग आणि सीटही थरथरते. इंजिन चालू असताना क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर जातो, उलट दाबल्यावरच तो उमटला तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. अल्टरनेटरचा पट्टा उतरवून इंजिन अर्धा मिनिटच चालविले आणि आवाज नाहीसा झाला, तर दोष त्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलींपैकी एकीत असतो.

एवढे करूनही आवाज उरला तरच तो इंजिनाच्या आतला मानावा, आणि तेव्हा त्याचा ताल मोजावा. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे 800 फेऱ्यांवर सेकंदाला सहा-सातदा होणारी बारीक टकटक बहुधा एखाद्या टॅपेटची असते. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातील फट अनेक इंजिनांत गार असताना साधारण 0.15 ते 0.30 मिलिमीटर ठेवतात. ती फीलर गेजने मोजून जुळविता येते, त्यासाठी इंजिन उतरवावे लागत नाही. गार इंजिन सुरू होताच काही सेकंद होणारी खळखळ टायमिंग चेनकडे, म्हणजे कॅमशाफ्ट फिरविणाऱ्या साखळीकडे, बोट दाखविते, कारण ती साखळी ताणून धरणारा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर काम करतो. ठोका खोल असेल, इंजिन तापल्यावर किंवा चढावर वाढत असेल, आणि एका सिलिंडरचा इंजेक्टर क्षणभर बंद केल्यावर कमी होत असेल, तर त्याच सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग तपासणे भाग आहे.

घट्ट ऑइलाचा उपाय मराठवाड्याच्या उन्हाचे कारण सांगून सुचविला जातो. ऑइलच्या डब्यावरील दर्जाच्या दोन आकड्यांपैकी दुसरा 100 अंश सेल्सिअसला असणारी दाटता दर्शवितो: 20 या दर्जाची दाटता 6.9 ते 9.3 सेंटिस्टोक्स, तर 40 ची 12.5 ते 16.3. दाट ऑइलाने झिजलेल्या बेअरिंगमधील फट काही काळ भरते आणि आवाज दबतो, परंतु झीज तशीच राहते, आणि नव्या घडणीच्या इंजिनातील अरुंद मार्गांत असे ऑइल गार असताना उशिरा पोहोचते. गाडीच्या पुस्तिकेत हवामानानुसार एकाहून अधिक दर्जे दिले असतील, तर त्यांतूनच निवड करावी. स्लोची गती वाढवून खडखड लपविणे हेही त्याच जातीचे काम होय.

उसाच्या पट्ट्यात इथेनॉलची चर्चा होणारच, तरी पेट्रोलमधील 20 टक्के इथेनॉलला या आवाजाबद्दल दोष देणे सयुक्तिक नाही. मिश्रण आपोआप पेटून होणारे नॉकिंग भाराखाली, सिलिंडरातील दाब वाढल्यावर होते. स्लोवर तो दाब कमी असतो, आणि इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध करण्याची पेट्रोलची क्षमता उलट वाढते.

तेव्हा आप्पांनी मिस्त्रीला इंजिन खोलण्याची परवानगी देण्यापूर्वी पत्रा, माउंटिंग, क्लच आणि पट्टा यांची तपासणी समक्ष करवून घ्यावी, आणि नंतर ऑइलचा दाब गेज लावून मोजण्यास सांगावे. तो गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याइतका भरला, तर खोलण्याची घाई करू नये. मात्र ऑइलचा लाल दिवा लागला किंवा ठोका खोल होत गेला, तर परळीच्या गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेण्याचा मोह टाळून ती टोचन करूनच न्यावी, कारण ऑइलाविना फिरणारे बेअरिंग थोड्याच अंतरात क्रँकशाफ्टही निकामी करते आणि हजारांतले काम लाखाकडे जाते.

 

आप्पांचा पुतण्या