दोन इंच खाली

सुरुंगात पाय गमावलेला माझा जुना ड्रायव्हर हवालदार आता पेन्शनवर आहे. चढायला सोपं जावं म्हणून त्यानं पिकअप दोन इंच खाली घेतली, चालवतो मुलगा. परवा इथे जोधपूरला फोन आला.

"साहेब, वळताना टायर फेंडरला घासतो. पोरगा सतरा इंची अलॉय मागतोय."

म्हटलं, "रिम पंधराचीच ठेवा. २१५/७५ काढून २१५/६५ घाला. व्यास ४३ मिमी घटेल, फेंडरखाली २१ मिमी जागा मिळेल, सीटही तेवढीच खाली येईल. लोड इंडेक्स मात्र कमी नको. आणि मीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ७५ असेल."

त्या दिवशी मी शेजारच्या सीटवर होतो. मला खरचटलंही नव्हतं.

टायरचे पैसे पाठवले. संध्याकाळी परत आले.