मागण्याची भाषा

गेल्या हिवाळ्यात मुंबईतील एका चर्चासत्राहून आम्ही चौघे पुण्याला परतत होतो. एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आम्ही दोघी, एम. ए.ला आम्हांला व्याकरण शिकवणारे आमचे निवृत्त सर, आणि चर्चासत्रात प्रथमच निबंध वाचलेला आमचा एक विद्यार्थी. द्रुतगती मार्गावरच्या एका फूड मॉलपाशी गाडी थांबली. सरांना कॉफी हवी होती, विद्यार्थ्याला भूक लागली होती. बर्गर-कॉफीच्या ज्या दुकानात आम्ही शिरलो, तिथे गल्ल्यापाशी रांग नव्हती. दारातच माणसाच्या उंचीचे तीन पडदे उभे होते आणि लोक त्यांच्यासमोर उभे राहून, न बोलता, काचेवर बोटे फिरवत होते.

सर सवयीप्रमाणे एका पडद्यासमोर गेले आणि म्हणाले, “एक कॉफी द्या, साखर कमी.” आम्हांला हसू आले, तेही हसले. मग चश्मा पुसून त्यांनी वाचायला सुरुवात केली. भाषा निवडायची होती: इंग्रजी किंवा हिंदी. दुकानाबाहेरची पाटी मात्र ठळक मराठीत होती. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यातल्या लहानमोठ्या सर्वच दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. पण ती सक्ती दारावरच्या पाटीपुरती. वयाने कोरड्या झालेल्या बोटाचा स्पर्श काचेला कळेना. कळला तेव्हा सोबत खायला काय हवे, कप मोठा हवा का, असे प्रश्न एकापाठोपाठ येऊ लागले. सर प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत वाचत होते. तेवढ्यात पडदा आपणहून पहिल्या पानावर गेला. असे तीनदा झाले. शेवटी सर थेट गल्ल्याकडे गेले. तिथला तरुण पिशव्या भरता भरता, मान वर न करता म्हणाला, “काका, ऑर्डर तिकडे मशीनवर.” सर परत आले. “मला तशी विशेष इच्छा नव्हतीच,” एवढेच म्हणाले. विद्यार्थ्याने सगळ्यांची मागणी नोंदवली, मोबाइलवरून पैसे भरले आणि थोड्या वेळाने आमचा क्रमांक वर झळकला. कॉफी चांगली होती. सरांनी अर्धी ठेवली.

गाडीत बसलो तेव्हा आम्ही दोघी सरांच्या वतीने रागावलो होतो. या अनुभवावर लेख लिहायचा असे ठरले आणि घाट चढून लोणावळा येईपर्यंत त्याचा आराखडाही तयार झाला. मराठी व्याकरणात संबोधन ही आठवी विभक्ती. सरांनीच ती शिकवली होती: एकवचनी प्रत्यय नाही, अनेकवचनी ‘नो’. समोरच्याला हाक मारण्यासाठी भाषेने एक स्वतंत्र घर राखले आहे आणि हे यंत्र नेमके तेच रिकामे करते आहे, असा आमचा मुद्दा होता. उदाहरणांना तोटा नव्हता. उडुपी हॉटेलातला वेटर इडलीपासून मसाला डोशापर्यंतची यादी एका दमात म्हणतो. नाक्यावर ‘दोन कटिंग’ म्हटले की पुरे होते. मिसळीवर आणखी रस्सा हवा असेल तर पुण्यात ‘सँपल’ मागावे, कोल्हापुरात ‘कट’, नागपुरात ‘तर्री’. मागण्याच्या एका क्रियेभोवती केवढी बोली उभी आहे! पडद्यावर यातले काहीच उरत नाही. तिथे चित्रे, किमती आणि अधिक-उण्याच्या खुणा.

विद्यार्थी पुढच्या आसनावर बसून हे सारे ऐकत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मॅडम, राग मानू नका, पण मला ती मशीन बरी वाटते.”

मराठवाड्यातल्या खेड्यातून तो पुण्याला आला, त्या वर्षीची गोष्ट त्याने सांगितली. वर्गातल्या मुलांबरोबर तो एका कॉफीच्या दुकानात गेला होता. गल्ल्यावरच्या मुलीने इंग्रजीत भराभर तीन-चार प्रश्न विचारले. त्याला इंग्रजी वाचता येत होते. पण कानावर पडलेले वाक्य उलगडून उत्तर जुळवण्याइतका वेळ तिथे मिळत नव्हता. तो प्रत्येक प्रश्नाला ‘येस’ म्हणत गेला. बिल झाले ते त्याच्या खानावळीच्या चार दिवसांच्या पैशांएवढे. ‘हे नको’ म्हणण्याचे वाक्य जवळ नव्हते आणि मागे लोक खोळंबले होते. त्यानंतर दोन वर्षे तो अशा दुकानाची पायरी चढला नाही. पुढे एका ठिकाणी हे यंत्र दिसले. “तिथं किंमत आधी दिसते, मॅडम. हळू वाचता येतं. घातलेलं काढता येतं. परवडत नसलं तर रद्द करून निघून जायचं, कोणाला कळतसुद्धा नाही.” मग थोडे थांबून म्हणाला, “माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा बाहेर मिळायचा. कप वेगळा, तोही स्वतः विसळून ठेवायचा. मशीन विचारत नाही, तू कोणाचा म्हणून.”

पुढे बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) चहाच्या हॉटेलातील वेगळ्या कपबशीचा प्रसंग आहे. तो आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात, दुकानात मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले, हेही मुलांना सांगत आलो. असे असूनही त्या संध्याकाळच्या आमच्या आराखड्यात गल्ला ही आपुलकीची जागा आहे, हे आम्ही गृहीत धरले होते. कारण साधे होते. आम्हांला तिथे नेहमी ‘या मॅडम, बसा’ असेच म्हटले गेले. तुम्ही कोण, हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नाही. पेहराव, बोलणे आणि आडनाव यांनी त्याचे उत्तर आमच्या आधीच देऊन ठेवलेले असे. हाकेत जिव्हाळा असतो तशी जातही असते, हे आम्ही शिकवत होतो आणि सोयीने विसरतही होतो.

घरी आल्यावर आम्ही या यंत्राच्या पूर्वजांविषयी वाचू लागलो. हॉर्न आणि हार्डार्ट या दोघा भागीदारांनी १९०२ साली फिलाडेल्फियात ‘ऑटोमॅट’ नावाचे उपाहारगृह काढले. त्याची यंत्रसामग्री जर्मनीहून आणली होती. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये ते आले. भिंतभर काचेची छोटी दारे, प्रत्येकीमागे एक पदार्थ. पाच सेंटचे नाणे टाकायचे, मूठ फिरवायची, दार उघडून बशी घ्यायची. कॉफी १९५० पर्यंत पाच सेंटलाच मिळत असे. वेटर नाही, म्हणून बक्षिशी नाही, आणि कोणाच्या नजरेला तोंड देणेही नाही. कारकून, टंकलेखिका, नाटकमंडळी आणि बेकार एकाच टेबलावर बसत. नुकताच बोटीतून उतरलेला, इंग्रजीचा गंध नसलेला माणूसही तिथे बघून जेवू शके. आमच्या विद्यार्थ्याने जे सांगितले, ते त्या माणसाला लगेच समजले असते. न्यूयॉर्कमधले शेवटचे ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद झाले.

मात्र त्या भिंतीमागे माणसे होतीच. रिकामा झालेला प्रत्येक कप्पा कोणीतरी भरत होते. नोटा मोडून नाणी देणाऱ्या स्त्रिया काचेच्या खोपटात बसत. यंत्राने त्यांना हटवले नव्हते, दृष्टीआड केले होते. दुसरा पूर्वज अधिक व्यवहारी आहे. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मॅकडोनल्ड बंधूंनी आपले चालते उपाहारगृह काही काळ बंद ठेवले, मोटारीपर्यंत खाणे नेऊन देणाऱ्या नोकरांना रजा दिली, पदार्थ कमी केले आणि गिऱ्हाइकालाच खिडकीपाशी बोलावले. त्यांना वेग हवा होता, स्वस्ताई हवी होती. कोणाची लाज वाचवणे हा हेतू नव्हता. आजच्या पडद्यात हे दोन्ही वारसे आहेत. ‘मोठा कप हवा का’ हे तो न थकता विचारतो. पडद्यासमोर जास्त वेळ रेंगाळणारे गिऱ्हाईक जास्त मागवते, हे मॅकडोनल्ड्सच्या तत्कालीन प्रमुखांनी २०१८ मध्ये उघडपणे सांगितले होते. सपाट काचेवर बोटाला काहीच लागत नाही, तेव्हा आवाजाची सोय नसेल तर दृष्टिहीन माणूस दारातच अडतो. आणि ‘काका, तिकडे’ म्हणणारा तो तरुण? तीन पडद्यांवरून येणाऱ्या मागण्या तो एकटा भरत होता. मान वर करायला त्याला उसंत नव्हती, हे रागाच्या भरात आम्ही पाहिलेच नाही. तोही कुठल्यातरी महाविद्यालयाचा विद्यार्थी असेल.

सर त्या दिवशी गाडीत गप्प होते. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा विषय त्यांनीच काढला. साठ वर्षांपूर्वी शिकायला पुण्यात आले तेव्हा ते आणि त्यांच्या खोलीतला सोबती एका खानावळीत गेले होते. मालकांनी दोघांना आडनावे विचारली. सरांना पाट मांडला. सोबत्याला म्हणाले, जागा नाही. “मी जेवायला बसलो,” सर म्हणाले. “त्या खानावळीतल्या आमटीवर मी पुढे लेख लिहिला, तुम्ही तो वाचलाही आहे. सोबत्याचा त्यात उल्लेख नाही.” आम्ही काय बोलणार? तो लेख आम्हांला खरोखरच आवडला होता.

मग सरांनी विद्यार्थ्याला निरोप धाडला, की मला ते यंत्र शिकव. शहरातल्याच एका दुकानात आम्ही चौघे पुन्हा गेलो. विद्यार्थी सरांपासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि त्याने एकदाही पडद्याला बोट लावले नाही. विचारले तेवढेच सांगत होता. बराच वेळ लागला. मागची दोन माणसे कंटाळून दुसऱ्या पडद्याकडे गेली. अखेर सरांच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी आली.

संबोधनावरचा लेख आम्ही लिहिला नाही. यंत्र असावे, त्यावर मराठी असावी, आणि शेजारी मान वर करायला उसंत असलेले एक माणूसही असावे, एवढेच आज आम्हांला म्हणता येते. त्या दिवशी क्रमांक पुकारला गेला तेव्हा कॉफी आणायला सर स्वतः गेले. गल्ल्यावरच्या मुलीला त्यांनी काहीतरी विचारले, तिने उत्तर दिले. परत आल्यावर आम्ही विचारले, काय म्हणाली? “साखर कुठे आहे ते विचारलं,” सर म्हणाले. “यंत्रावर ते सापडलं नाही.”