वीस ते पन्नास केबी

सोमवार, 10 जून

शटर वर करायच्या आधीच पायरीवर एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते. राजूरहून पहिल्या गाडीने अकोल्याला आलेले. ग्रामीण बँकेच्या भरतीचा फॉर्म. रात्री घरी मोबाइलवर भरायला बसली आणि फोटोपाशी अडकली. वडील म्हणाले, "भाऊ, फोटो तर चांगला आहे, स्टुडिओत काढलाय." चांगला होता, तेच दुखणं. 4000 बाय 3000 पिक्सेल, पावणेचार एमबी. ही भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो लागतो 20 ते 50 केबी, 200 बाय 230 पिक्सेल.

भाच्याने माउस हातात घेतला आणि थेट क्वालिटीचा काटा 10 वर ओढला. मुलीचा चेहरा फरशीच्या तुकड्यांसारखा झाला, फाइल तरीही बसेना. दुकानात आल्यापासून त्याला हेच सांगतोय: आधी कापायचं, मग पिक्सेल उतरवायचे, क्वालिटीला हात सगळ्यात शेवटी. मूळ फोटोत सव्वा कोटीच्या आसपास ठिपके. फॉर्मला लागतात 46 हजार. खांद्याच्या वरचा भाग ठेवला, 200 बाय 230 केला, क्वालिटी 90 च्या पुढेच राहू दिली आणि फाइल 31 केबी. चेहरा स्वच्छ, कपाळावरची टिकलीसुद्धा दिसतेय.

सहीचं मात्र उलटं झालं. 140 बाय 60 ला उतरवली तर फाइल पाच केबी, आणि खालची मर्यादा 10. पिक्सेल थोडे जास्त ठेवले तेव्हा जमलं. माप दोन्ही बाजूंनी असतं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मंगळवार, 11 जून

त्याच फॉर्मचं हाताने लिहायचं डिक्लेरेशन. 50 ते 100 केबी. कालच्या मुलीचा भाऊ वहीचं पान घेऊन आला. मोबाइलवर काढलेला फोटो, ट्यूबलाइटखाली. 800 बाय 400 ला उतरवला तरी 118 केबी. क्वालिटी कमी केली तर अक्षरांभोवती करड्या रंगाची धूळ उडाल्यासारखी दिसायला लागली.

भाच्याला म्हटलं, झूम कर. 800 टक्क्यांवर कागद पांढरा नव्हताच. पिवळट, करडा, मधूनच निळसर; खालच्या पानावरच्या रेघांची सावली; शाईपेक्षा कागदाचाच पसारा मोठा. लेव्हल्समधली पांढऱ्याकडची खूण थोडी आत ओढली. कागद कोरा झाला, अक्षरं तशीच काळी. फाइल 64 केबी, क्वालिटी एका अंकानेही न उतरवता.

"मामा, पांढऱ्याला वजन नसतं का?" जवळपास नसतंच. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातल्या 64 ठिपक्यांऐवजी 64 आकडे लिहितं: सरासरी उजेड किती, त्यात हलके चढउतार किती, बारीक खरखर किती. मग त्या आकड्यांना भागून पूर्णांक करतं आणि बारीक खरखरीचे बहुतेक आकडे शून्य होतात. शून्यांची रांग लिहायला जागा लागत नाही. कोऱ्या चौकोनात एका आकड्यावर काम भागतं. म्हणूनच झाडाच्या पानांपुढे उभं राहून काढलेला फोटो जड आणि चुन्याच्या भिंतीपुढचा हलका, माणूस तोच. रंगातही हात मारलेला असतो. डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही, त्यामुळे रंगाची नोंद सहसा अर्ध्याच बारकाईने ठेवली जाते.

चौकोनांच्या या गणिताला डीसीटी म्हणतात. ते मांडणारे नासिर अहमद बंगळुरूत जन्मलेले, तिथेच इंजिनिअर झालेले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा निबंध 1974 चा. जेपीजीचं प्रमाण ठरलं 1992 मध्ये. आपल्या मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ या घराण्यातल्या गणितातून गेलेला असतो, आणि अकोल्यात काय किंवा बंगळुरूत काय, किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

गुरुवार, 13 जून

एका गृहस्थांनी अर्धा तास वाद घातला. "मी पन्नासच्या आत मागितला, तुम्ही 52 केबीचा दिला." प्रॉपर्टीज उघडून दाखवली. साइज 49.2, साइज ऑन डिस्क 52. डिस्कवर चार-चार केबीचे खण असतात, शेवटचा खण अर्धवट भरला तरी भाडं पूर्ण. फॉर्म वरचा आकडा बघतो. पटलं नाही त्यांना. अपलोड करून दाखवला तेव्हा गप्प बसले, पण पैसे देताना पाच रुपये कमी दिले.

दुपारी आयफोनवाला एक मुलगा. फोटो एचईआयसी फॉरमॅटमधला. भाच्याने नावाच्या शेवटी जेपीजी लिहिलं आणि फॉर्मने परत पाठवला. शेतकऱ्याच्या पिशवीवर साखर लिहिलं म्हणून युरिया गोड होत नाही.

शुक्रवार, 14 जून

पाऊस. अकरापासून लाइट नाही, इन्व्हर्टर साडेबाराला बसला. पावतीच्या मागे हिशेब मांडत बसलो. दहा लाख अर्ज आले आणि प्रत्येकाने चार एमबीचा फोटो चढवला, तर नुसते फोटोच चार हजार जीबी. 50 केबीने तेच 50 जीबी. आणि राजूरच्या पुढे, जिथे रेंजची एक कांडी येते-जाते, तिथून चार एमबी चढवायचे म्हणजे चक्र फिरतंय ते फिरतंय, आणि शेवटी सेशन संपतं. त्या 50 केबीवर मी इतकी वर्षं चिडत आलोय. आज पहिल्यांदा वाटलं की त्या मर्यादेमुळेच डोंगरातल्या पोरांचे फॉर्म जातायत.

फुकट केबी कमी करून देणाऱ्या साइटवर मात्र लोक आधार कार्डसुद्धा चढवतात, हे मला झेपत नाही. फोटोचा गिम्प हा प्रोग्रॅम फुकट आहे, संगणकातच चालतो, कागद दुकानाबाहेर जात नाही. सेव्ह करताना एक्झिफ आणि थंबनेलच्या खुणा काढल्या की काही केबी आणखी उतरतात. एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोला चिकटलेल्या माहितीत, कधीकधी फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असतात. बँकेच्या फॉर्मला आपल्या अंगणाचा पत्ता कशाला?

शनिवार, 15 जून

संध्याकाळी बाजारतळाकडचा एक पोरगा आला. आई गेली, नऊ दिवस झाले. उद्या दशक्रिया, फ्लेक्स हवा, चार बाय तीन फूट. "भाऊ, आईचा एकच चांगला फोटो आहे. मागे एका योजनेच्या फॉर्मला तुम्हीच काढला होता. तुमच्याकडे असेल."

होता. 28 केबी, 200 बाय 230.

तेव्हा मी मूळ फोटो काढला, कापला, उतरवला आणि महिनाअखेरीला डिस्क भरली म्हणून मूळ फोल्डर उडवलं. छोटी प्रत ठेवली, कारण ती छोटी होती. चांगल्या छपाईला इंचात 300 ठिपके धरतात. त्या हिशेबाने आईचा फोटो पाऊण इंचही रुंद भरत नव्हता. भाच्याने मोठा करून पाहिला. मोठा होतो, पण संगणक मधले ठिपके अंदाजाने भरतो. गालावरचा तीळ डाग झाला, डोळे पुसट. पाणी घातलेल्या दुधासारखं, माप भरतं, साय धरत नाही. पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "लांबून चालेल ना?" मला हो म्हणवलं नाही.

व्हॉट्सअॅपवर शोध म्हटलं. तिथे सापडला तोही कुणीतरी कुणाला, त्याने आणखी कुणाला पाठवलेला. दर फेरीत घासत आलेला. रात्री साडेनऊला त्याची मावशी लग्नाचा अल्बम घेऊन आली. 1998 चा, कागदावरचा. पाकिटातून फोटो काढला, स्कॅनरची काच पुसून त्यावर ठेवला, 600 डीपीआयला. त्यात आई तरुण आहे, पण तीळ जागेवर आहे. फ्लेक्सचे पैसे घेतले नाहीत.

सोमवार, 17 जून

सकाळी नवी हार्डडिस्क आणली, एक टीबी. मूळ फोटोंचं वेगळं फोल्डर केलं, त्यातल्या फाइलला कुणीही हात लावायचा नाही. कामाची प्रत दुसरीकडे. भाच्याला बजावलं. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली की दर वेळी थोडं जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

राजूरच्या मुलीला फोन करून सांगितलं की तुझा पावणेचार एमबीचा फोटो इथे ठेवलाय, पेन ड्राइव्ह घेऊन ये. मग पुठ्ठ्यावर मार्करने लिहून काउंटरला लावलं:

फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फॉर्म भरून झाला तरी मूळ फोटो डिलीट करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा तर अजिबात नको.