पिंजरा कसला आहे, ते आधी विचारा

अलिबाबाच्या गोष्टीतला कासिम आठवत असेल. गुहेत शिरताना त्याने मंत्र बिनचूक म्हटला. आतली दौलत पाहून त्याचं भान हरपलं आणि निघायच्या वेळी तिळाचं नाव काही केल्या आठवेना. बाकीच्या धान्यांची नावं घेऊन झाली, दार हललं नाही, आणि चोर परत आले. जादूच्या सापळ्याची इतकी नेटकी रचना फार थोड्या ठिकाणी सापडते. दार आहे, ते उघडणारा मंत्र आहे, तो मंत्र त्या माणसाला ठाऊकही आहे. अडलंय फक्त त्याच्या डोक्यात.

अशा गुहा रचणं हे माझं काम आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात मी डंजन मास्टर असतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. कुणी तलवारबाज होतो, कुणी विझार्ड, कुणी क्लेरिक म्हणजे पुजारी, कुणी कुलपं उघडण्यात तरबेज असलेला रोग. समोर काय आहे ते मी सांगायचं, आपण काय करतो ते त्यांनी सांगायचं, आणि निकाल अधांतरी असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमच्या पुण्यातल्या टेबलावर सगळं बोलणं मराठीत चालतं, मंत्रांची नावं तेवढी इंग्रजीच राहतात. 'थांब, मिस्टी स्टेप टाकतो' हे वाक्य आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही.

जादूच्या सापळ्यात सापडलेल्या पात्राने मंत्र वापरून सुटायचं कसं, हा या खेळातला माझा सर्वांत आवडता विषय. त्यावर माझं एक ठाम मत झालेलं आहे. सुटका होते ती मंत्राचा मजकूर नीट वाचल्याने. मंत्र किती मोठा आहे, हा प्रश्न त्यानंतर येतो.

या खेळात मंत्र म्हणजे नियमपुस्तकातला एक छोटा परिच्छेद. त्याची शून्य ते नऊमधली लेव्हल, तो किती फुटांवर पोचतो, किती वेळ टिकतो, उच्चार लागतो की हातवारे की एखादा जिन्नस, आणि मग नेमकं काय घडतं. नवा खेळाडू अडकला की पहिल्यांदा 'डिस्पेल मॅजिक'कडे धावतो. तिसऱ्या लेव्हलचा हा मंत्र १२० फुटांपर्यंत पोचतो. तिसऱ्या किंवा त्याखालच्या लेव्हलची जादू तो आपोआप संपवतो. वरच्या लेव्हलसाठी फासा टाकावा लागतो, आणि दहा अधिक त्या जादूची लेव्हल इतका आकडा गाठावा लागतो. साध्या सापळ्यांना हे पुरतं. खरे कसलेले सापळे मात्र इथेच हात वर करायला लावतात, कारण त्यांच्या परिच्छेदात डिस्पेल मॅजिकचा बंदोबस्त आधीच लिहिलेला असतो.

त्यातला माझा लाडका म्हणजे 'फोर्सकेज'. सातव्या लेव्हलचा, दीड हजार सोन्याच्या मोहरा किमतीची माणकांची पूड लागणारा. अदृश्य शक्तीचा पिंजरा क्षणात उभा राहतो आणि तासभर टिकतो. जादूशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. डिस्पेल मॅजिक त्याला लागू पडत नाही. टेलिपोर्ट करून निसटायचं तर आधी करिश्माचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, जिंकावा लागतो, आणि हरलात तर निसटायचा मंत्रही वाया जातो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, संपलं सगळं.

आमच्या टेबलावर एक मुलगी विझार्ड खेळते. एका मोहिमेत खलनायकाने तिला आणि तिच्या सोबतच्या तलवारबाजाला असं कोंडलं. गाठायचा खलनायकाचा आकडा होता अठरा, तिचा करिश्मा जेमतेम दहा, त्यामुळे फाशात मिळवायला काहीच नाही. म्हणजे फाशावर अठरा, एकोणीस किंवा वीस पडले तरच मिस्टी स्टेप हा टेलिपोर्टचा मंत्र लागू होणार. बाकीचे तिला म्हणत होते, टाक फासा, बघू काय होतंय ते. तिने फासा उचललाच नाही. मला म्हणाली, "दादा, पिंजरा आहे की पेटी?"

हा प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला तो कुठल्याही फाशाने दिलेला नाही. कारण फोर्सकेजची दोन रूपं आहेत. पेटीचं रूप दहा फुटांचं आणि पूर्ण बंद असतं, त्यातून ना वस्तू जाते ना मंत्र. पिंजऱ्याचं रूप वीस फुटांपर्यंत जातं, पण त्याला गज असतात. मी म्हटलं, पिंजरा. ती म्हणाली, "गजांमध्ये फट किती?" मी पुस्तकातलं सांगितलं, अर्धा इंच. तिने 'गॅशियस फॉर्म' टाकला, वाफ झाली आणि दोन गजांमधून बाहेर गेली. तिसऱ्या लेव्हलच्या मंत्राने सातव्या लेव्हलचा मंत्र फोल ठरवला. टेलिपोर्ट नाही, म्हणून सेव्हिंग थ्रोही नाही.

त्या सुटकेची किंमत मात्र होती. वाफेच्या रूपात एका पाळीत दहाच फूट सरकता येतं, बोलता येत नाही, दुसरा मंत्र टाकता येत नाही. खलनायकासमोर ती तशी तरंगत होती तो वेळ आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. तलवारबाज आतच राहिला, कारण आम्ही २०१४ चे नियम खेळतो आणि त्यात हा पिंजरा बांधणाऱ्याला पुढे काहीच करावं लागत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांत फोर्सकेजला एकाग्रता लागते. म्हणजे बाहेर असलेल्या साथीदाराने बांधणाऱ्याला घाव घालून त्याचं लक्ष मोडलं, तर पिंजरा नाहीसा होतो. हा बदल मला मनापासून पटला. कोंडलेल्याची सुटका त्याच्या मित्रांच्या हातात आली, की टेबलावरचं कुणीच मोकळं बसत नाही.

पेटी असती तर? मग सहाव्या लेव्हलचा 'डिसइंटिग्रेट'. शक्तीने बनवलेली वस्तू नष्ट करण्याची मुभा त्याच्या मजकुरातच आहे. इथे एक जुना वाद आहे. त्याच मजकुरात म्हटलंय की लक्ष्य दिसायला हवं, आणि ही पेटी तर अदृश्य. पण उदाहरण म्हणून तिथे ज्या भिंतीचं नाव दिलंय तीही अदृश्यच असते, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हेतू उघड आहे. माझ्या टेबलावर तो मंत्र चालतो.

आठव्या लेव्हलचा 'मेझ' निराळ्या जातीचा. तो शत्रूला सरळ एका चक्रव्यूहात फेकून देतो, वाचायला सेव्हिंग थ्रोसुद्धा मिळत नाही. बाहेर यायचं तर दर पाळीला बुद्धीचा फासा टाकून वीस गाठायचे. मिनोटॉर मात्र आपोआप सुटतो, कारण चक्रव्यूह हे त्याचं घरच. आता हिशेब बघा. बुद्धी वीस असलेल्या विझार्डला फाशात पाच मिळवता येतात, त्याला पंधरा पडले तरी पुरे. बुद्धी आठ असलेल्या तलवारबाजाला एक वजा करावा लागतो. त्याला वीस पडले तरी बेरीज एकोणीस, आणि इथे वीस पडले म्हणून आपोआप यश मिळत नाही. दहा मिनिटं, म्हणजे शंभर पाळ्या तो फासे टाकत बसला तरी एकट्याच्या बळावर बाहेर येणार नाही. दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत दिली तरी उपयोग शून्य, कारण सर्वांत मोठा आकडा तोच राहतो. त्याच्या उपयोगी पडतो तो बार्डने, म्हणजे पार्टीतल्या गाणाऱ्या जादूगाराने, लढाईआधी दिलेला प्रेरणेचा जादा फासा. ती प्रेरणा दहा मिनिटं टिकते आणि कुठल्याही एका चाचणीत मिळवता येते. लढाई सुरू होण्यापूर्वी गाण्याचे दोन शब्द बोलणारा बार्ड बऱ्याच जणांना शोभेचा वाटतो. मला तो पार्टीचा खरा शहाणा माणूस वाटतो.

सापळा रचणाऱ्याने आणि त्यात सापडणाऱ्याने, दोघांनीही पाठ करावी अशी एक गोष्ट म्हणजे कुठल्या मंत्राला काय लागतं. 'मिस्टी स्टेप' आणि 'डायमेन्शन डोअर' या दोघांना फक्त उच्चार लागतो. विझार्डचे हात पाठीमागे करकचून बांधले, त्याच्या जिनसांचा बटवा काढून घेतला, तरी तो एका शब्दासरशी निघून जाईल. मिस्टी स्टेपला तीस फुटांतली डोळ्यांना दिसणारी जागा हवी, म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधली तर तो अडतो. डायमेन्शन डोअरला तेही नको. 'वर तीनशे फूट' असं अंतर आणि दिशा सांगितली की झालं, मर्यादा पाचशे फुटांची. तिथे आधीच काही असेल तर मार बसतो आणि मंत्र फुकट जातो, हा धोका त्याचा त्याने घ्यायचा. म्हणून कोठडीत टाकलेल्या विझार्डसाठी तोंडात कोंबलेला चार पैशांचा बोळा हा लोखंडी बेड्यांपेक्षा भक्कम बंदोबस्त असतो. बोळ्याच्या ऐवजी जादू वापरायची तर 'सायलेन्स'. वीस फूट त्रिज्येच्या गोलात आवाज म्हणून उमटत नाही.

मी एका देवळाच्या तळघरात 'ग्लिफ ऑफ वॉर्डिंग'मध्ये असा सायलेन्स भरून ठेवला होता. उंबऱ्यावर पाय पडला की शांतता, आणि त्याच वेळी भिंतीतून पाणी. क्लेरिक खुणा करतोय, रोग दाराशी झटतोय, सगळे कासावीस. मग एकाच्या लक्षात आलं की शांततेचा गोल जागचा हलत नाही आणि खोली त्याहून मोठी आहे. पाण्यातून पलीकडच्या कोपऱ्यात चालत गेले आणि तिथे मंत्र म्हटला. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं: जागा ठरलेली, त्रिज्या ठरलेली.

सर्वांत भयंकर कैद म्हणजे नवव्या लेव्हलचं 'इम्प्रिझनमेंट'. माणूस जमिनीच्या पोटात गाडला जातो, किंवा रत्नात बंद होतो, किंवा कायमचा झोपतो. वय वाढत नाही, भूक लागत नाही. जमिनीत गाडण्याची कल्पना वाचताना मला जॅक व्हॅन्स आठवतो. त्याच्या कथांमधल्या एका मंत्राने माणूस पृथ्वीखाली पंचेचाळीस मैलांवर कोंडला जातो. मंत्र पाठ करून डोक्यात साठवायचा आणि वापरला की तो पुसला जायचा, ही या खेळाची मूळ पद्धतही गायगॅक्सने व्हॅन्सच्याच १९५० च्या 'द डाइंग अर्थ'वरून घेतली. या कैदेवर डिस्पेल मॅजिक चालतो, पण फक्त नवव्या लेव्हलच्या मंत्राची जागा (स्लॉट) खर्चून. दुसरी वाट मात्र कैद करणारा हवं तर स्वतःच ठेवू शकतो. सुटकेची एक अट त्याने सांगायची, आणि ती अट वाजवी आहे, घडू शकेल अशी आहे, हे डंजन मास्टरने मान्य करायचं. कैद करणाऱ्याला दाराचा नकाशा काढू देणारा हा नियम मला सगळ्या पुस्तकात थोर वाटतो.

डंजन मास्टर म्हणून मी तीच मुभा सक्तीची करून सगळ्या सापळ्यांना लावतो. गायगॅक्सची 'टूम ऑफ हॉरर्स' ही मोहीम १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनात खेळली गेली आणि १९७८ मध्ये छापली गेली. त्यात एका बोळाच्या टोकाला हिरव्या राक्षसाचा आ वासलेला चेहरा आहे. तोंडातला काळोख म्हणजे सर्वनाशाचा गोळा, आत शिरणारा उरत नाही. कुठलाही मंत्र त्याला परत आणत नाही. तरी तो सापळा मला न्याय्य वाटतो, कारण तो जागेवर बसून आहे, कुणी ढकलत नाही, आणि आधी काठी घालून पाहणाऱ्याला काठीचं टोक गेलेलं दिसतं. त्याच मोहिमेतल्या इतर काही जागा, जिथे निव्वळ नशीब माणसाला मारतं, मी माझ्या मित्रांपुढे मांडणार नाही. 'या खोलीत कुठलाच मंत्र चालत नाही' असं कारण न देता लिहून मोकळं होणं हा तर निव्वळ आळस आहे. 'अँटिमॅजिक फील्ड' हवं तर वापरा, पण त्याची त्रिज्या दहा फूट आहे हे खेळाडूला शोधू द्या. आणि आपल्याला न सुचलेली वाट कुणी काढली, तर ती बुजवू नका.

मंत्रांचे हे मजकूर वाचायला पैसे लागत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने २०१४ च्या नियमांचा मूळ गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. सुमारे ४०० पानांचा हा दस्तऐवज कुणालाही उतरवून घेता येतो. फोर्सकेज, मेझ, इम्प्रिझनमेंट, गॅशियस फॉर्म, सगळे त्यात आहेत. मूळ कर्त्याचं श्रेय आणि परवान्याचा उल्लेख केला, की त्याचा अनुवाद करायलाही मुभा आहे. मराठीत नेमकं, एकही शब्द सैल न सोडणारं लिहिता येणाऱ्यांना माझी विनंती आहे: त्यातला मंत्रांचा भाग हाती घ्या. शाळेतल्या मुलांना तो त्यांच्या भाषेत वाचता आला पाहिजे.